फेई मू आणि त्यांचा सिनेमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी सिनेमा म्हटलं की झांग यिमौ, चेन काइगे, वाँग कार-वाई ही नावं आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांमध्ये सहज निघतात. फेई मू यांचं नाव क्वचितच निघतं. माझ्या मते चिनी भाषेतल्या सिनेमाला स्वतःची चाल देण्यात त्यांच्याइतका वाटा फार थोड्यांचा आहे. त्यांच्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, पण तिथे सांगण्यासारखं खरोखरच बरंच आहे.

फेई मू कोण होते?

शांघायमध्ये १९०६ साली जन्मलेले आणि जानेवारी १९५१ मध्ये हाँगकाँगला हृदयविकाराने गेलेले चिनी दिग्दर्शक. आयुष्य जेमतेम ४४ वर्षांचं. त्यातली दिग्दर्शनाची वर्षं १९३३ पासूनची, आणि मधला मोठा काळ युद्धात गेला. १९४८ सालचा 'श्याओ चेंग झ चुन', म्हणजे 'छोट्या गावातला वसंत', ही त्यांची सर्वांत गाजलेली कलाकृती. हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्सने २००५ मध्ये सर्वोत्तम १०० चिनी सिनेमांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याच सिनेमाला मिळाला.

'फेई' हे आडनाव की नाव?

आडनाव. चिनी पद्धतीत आडनाव आधी येतं. पुढे येणाऱ्या चिनी नावांनाही हेच लागू आहे.

चिनी सिनेमाचे आद्य दिग्दर्शक तर दुसरेच होते. मग यांना अग्रणी का म्हणायचं?

कालक्रमाने पाहिलं तर मान झेंग झेंगचिउ आणि झांग शिचुआन यांचाच. त्यांनी १९१३ मध्ये पहिला कथापट काढला आणि १९२२ मध्ये मिंगशिंग कंपनी उभारली. फेई मू पुढच्या पिढीतले. सुन यू, त्साइ चुशेंग, वू योंगगांग हे त्यांचे समकालीन, आणि तेही मोठेच.

तरी मी फेई मूंना अग्रणी म्हणतो, कारण त्यांनी सिनेमातल्या 'नाट्या'वरच प्रश्नचिन्ह लावलं. त्या काळी शांघायच्या पडद्यावर योगायोग, ताटातूट, खलनायक, अश्रू यांची रेलचेल होती. फेई मूंनी पहिल्यापासून हे सगळं कमी करत नेलं. माणसं काय बोलतात त्यापेक्षा काय गिळून टाकतात, हे दाखवायला कॅमेरा कसा वापरायचा, याचा शोध ते पंधरा वर्षं घेत राहिले. बाकीचं सगळं काम या एका धाग्याला धरून पाहिलं की नीट उलगडतं.

ते सिनेमात आले कसे?

लहानपणीच कुटुंब पेइचिंगला गेलं. तिथे ते फ्रेंच शाळेत शिकले, इंग्रजीही चांगली आत्मसात केली. वाचनाचं वेड एवढं की डोळ्यांवर ताण येऊन तरुणपणीच एका डोळ्याची दृष्टी गेली. एका डोळ्याने पाहणाऱ्या माणसाने पुढे पडद्यावर खोलीची आणि अंतराची एवढी जाण दाखवावी, याचं मला नेहमी नवल वाटतं.

सुरुवातीला त्यांनी एका खाणकंपनीत हिशेबनीसाची नोकरी केली. जोडीला सिनेमावर लेखन चालूच होतं. त्या काळात जोडलेले मित्र झू शिलिन पुढे स्वतःही नामांकित दिग्दर्शक झाले. मग फेई मू लुओ मिंगयो यांच्या चित्रपट व्यवसायात आले आणि परदेशी सिनेमांत पडद्यावर येणाऱ्या पाट्यांचे अनुवाद करू लागले. लुओ मिंगयो यांनीच १९३० मध्ये लिएनहुआ कंपनीची जुळवाजुळव केली आणि फेई मूंना शांघायला आणलं. पहिला सिनेमा 'शहरातली रात्र' १९३३ मध्ये आला तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते.

रुआन लिंग्युबरोबरचे त्यांचे सिनेमे कुठे पाहायला मिळतील?

कुठेच नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटतं. 'शहरातली रात्र', 'जीवन' आणि 'सुगंधी बर्फाचा सागर' हे त्यांचे पहिले तिन्ही सिनेमे रुआन लिंग्युबरोबरचे. मूकपटाच्या काळातली ती चीनची सर्वांत मोठी नटी. मार्च १९३५ मध्ये तिने आत्महत्या केली. या तिन्ही सिनेमांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. छायाचित्रं, जाहिराती आणि त्या वेळची परीक्षणं तेवढी उरली आहेत.

त्यांच्या 'हवे'च्या सिद्धांताबद्दल वाचलं. तो नेमका काय आहे?

१९३४ मध्ये त्यांनी एक छोटा लेख लिहिला. प्रेक्षकाला पात्रांच्या भोवतालात ओढून घ्यायचं असेल तर सिनेमाला आधी 'हवा' तयार करावी लागते, असं त्यांचं म्हणणं. आपण ज्याला वातावरणनिर्मिती म्हणतो त्याच्या जवळचं, पण जास्त व्यापक. ही हवा कशी निर्माण होते? एक, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या गुणांमधून. दोन, ज्याचं चित्रण करतो त्या वस्तूमधून. तीन, आडून सुचवण्यातून, म्हणजे मुख्य गोष्टीला थेट हात न लावता तिच्या बाजूचं काही दाखवून. चार, ध्वनीतून.

यातला तिसरा मार्ग त्यांना सर्वांत जास्त साधला. वाचकांना माझी एक विनंती आहे : त्यांचा कुठलाही सिनेमा पाहताना पात्रांच्या चेहऱ्यांइतकंच त्यांच्या हातांकडे, वस्तूंकडे आणि मोकळ्या जागेकडे लक्ष ठेवा.

'तिएनलुन' हा सरकारी प्रचारपट होता का?

प्रश्न रास्त आहे. १९३५ चा हा सिनेमा लुओ मिंगयो आणि फेई मू या दोघांच्या नावावर आहे. तेव्हाच्या चीनचे राष्ट्रवादी नेते च्यांग काय-शेक यांनी १९३४ मध्ये 'नवजीवन चळवळ' सुरू केली होती. जुन्या नीतिमूल्यांचं पुनरुज्जीवन हा तिचा गाभा, आणि लुओ मिंगयो तिचे समर्थक होते. सिनेमाची कथा तीन पिढ्यांची, आईवडिलांप्रति कर्तव्याची. आपल्या घरच्या वृद्धांवर आणि मुलांवर करतो ती माया इतरांच्या वृद्धांपर्यंत आणि मुलांपर्यंत पोचवावी, हा प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेंग्झीचा विचार त्याच्या मुळाशी आहे. त्यामुळे उपदेशाचा सूर आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण आशय बाजूला ठेवून त्यातली शेतं, गावाबाहेरची वाट, घोड्यावरून लगबगीने घरी निघालेला मुलगा आणि मेंढरांचे कळप पाहिले की दिग्दर्शकाचं लक्ष कशात गुंतलं होतं ते कळतं. संवाद ध्वनिमुद्रित नाहीत. चिनी वाद्यांचं संगीत आहे. १९३६ मध्ये हा सिनेमा न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. आज आपल्याला दिसते ती अमेरिकेसाठी कापून छोटी केलेली आवृत्ती, हे ध्यानात ठेवूनच मत बनवावं.

'लांडग्यांचा डोंगर' खरंच लांडग्यांबद्दल आहे?

वरवर पाहता तसंच. एका डोंगराळ गावावर लांडग्यांचे हल्ले होतात. कोणी लढायला तयार, कोणी घाबरलेलं. चहाच्या दुकानाचा मालक तर डोंगरदेवाचे ताईत लावून लांडग्यांना थोपवू पाहतो. शेवटी गावकरी एकजुटीने मशाली घेऊन बाहेर पडतात. १९३६ साली जपानी आक्रमणाबद्दल शांघायमध्ये उघड बोलायला बंदी होती, म्हणून हे रूपक. प्रेक्षकांना ते कळायला काहीच वेळ लागला नाही. मुख्य भूमिका ली लीली यांची. एका छोट्या भूमिकेत लान पिंग नावाची तरुण नटी आहे. हीच पुढे माओंची पत्नी ज्यांग चिंग झाली. बरेच लोक फक्त तिला पाहायला हा सिनेमा शोधतात. माझा सल्ला असा की अंधार आणि मशालींच्या त्या दृश्यांसाठी पाहा.

युद्धकाळात ते काय करत होते?

नोव्हेंबर १९३७ मध्ये शांघाय पडलं. शहरातल्या परदेशी वसाहती मात्र डिसेंबर १९४१ पर्यंत जपान्यांच्या हाती गेल्या नव्हत्या. चौफेर वेढलेल्या त्या तुकड्याला लोक 'एकाकी बेट' म्हणत. याच काळात मिन्हुआ नावाच्या छोट्या कंपनीसाठी त्यांनी 'कन्फ्यूशियस' काढला आणि १९४० च्या डिसेंबरमध्ये तो प्रदर्शित झाला. राज्यं एकमेकांवर तुटून पडलेली, आणि कोणी ऐकत नसताना एक वृद्ध माणूस शिष्यांना घेऊन दारोदार फिरतोय. व्यापलेल्या शहरात बसून हा विषय निवडण्यामागे त्यांची वेदना स्पष्ट दिसते. मांडणी मुद्दाम साधी. दृश्यं जवळजवळ रिकामी, आकाश भरपूर, माणसं थोडी.

हा सिनेमा हरवला असंच सगळे धरून चालले होते. मग २००१ मध्ये नाव न सांगता कोणीतरी त्याची निगेटिव्ह हाँगकाँग फिल्म आर्काइव्हकडे दिली. दुरुस्तीला अनेक वर्षं लागली आणि २००९ मध्ये हाँगकाँगच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो पुन्हा पडद्यावर आला. काही सुटे तुकडे कुठल्या दृश्यातले हे लगेच ठरवताही आलं नव्हतं.

डिसेंबर १९४१ नंतर सगळं शहर जपानी अमलाखाली गेलं आणि चित्रपटनिर्मिती त्यांच्या ताब्यात आली. फेई मूंनी सिनेमा सोडला आणि ते नाटकाकडे वळले.

मग नाटकात किती काळ होते? त्याचा सिनेमावर काही परिणाम झाला?

युद्ध संपेपर्यंत. १९४२ मध्ये रंगमंचावर तुफान चाललेल्या 'चिउ हाइतांग'च्या तीन दिग्दर्शकांपैकी ते एक होते. परिणाम माझ्या मते खोलवर झाला. चार माणसं एका खोलीत असताना कोण कुठे उभं आहे, कोण कोणाकडे पाठ करून आहे, यातून अर्थ कसा निघतो, हे १९४८ च्या सिनेमात ज्या सहजतेने येतं ती सहजता तालमीतून कमावलेली वाटते.

चीनचा पहिला रंगीत सिनेमाही त्यांचाच, हे खरं का?

हो. १९४८ चा 'शेंग स हन', मेइ लानफांग यांच्या ऑपेराचं चित्रण. मेइ लानफांग पेइचिंग ऑपेरात स्त्रीभूमिका करणारे सर्वश्रेष्ठ नट होते. जपानी अमलात रंगमंचावर उभं राहायचं नाही म्हणून त्यांनी मिशी वाढवली होती, ही कथा चीनमध्ये आजही सांगतात. चित्रीकरण १६ मिलिमीटर फिल्मवर झालं आणि नंतर ते मोठ्या आकारात नेलं गेलं. रंग हवे तसे उतरले नाहीत आणि दोघंही निराश झाले. तांत्रिकदृष्ट्या तो फसला हे मान्य, पण ऑपेराचा संकेत आणि कॅमेऱ्याचा वास्तववाद एकत्र कसे नांदवायचे या प्रश्नाला फेई मू इतक्या गंभीरपणे भिडले, त्याचं मोल मला जास्त वाटतं.

'छोट्या गावातला वसंत'ची गोष्ट काय?

युद्ध नुकतंच संपलंय. दक्षिणेतल्या एका गावात दाइ घराण्याचा वाडा अर्धा पडलेला. मालक लियान आजारी, खचलेला. बायको युवेन. दोघांच्या लग्नाला आठ वर्षं झाली, पण ते वेगळ्या खोल्यांत राहतात. लियानची धाकटी बहीण श्यू, सोळाव्या वर्षात पाऊल टाकणारी. एक जुना नोकर, लाओ हुआंग. युवेन रोज टोपली घेऊन बाजारहाट करायला जाते आणि येताना गावाच्या पडक्या तटबंदीवर चालत राहते. एक दिवस लियानचा शाळेतला मित्र, आता डॉक्टर असलेला झिचेन, पाहुणा म्हणून येतो. तो युवेनचा लग्नाआधीचा प्रियकर आहे, हे लियानला ठाऊक नाही.

पात्रं एवढीच पाच. पटकथा ली तिएनजी यांची, आणि फेई मूंनी तिला बरीच कात्री लावली. निर्मिती वेन्हुआ कंपनीची. चित्रीकरणाची तटबंदी शांघायजवळच्या सोंगज्यांगची.

पण यात एवढं विशेष काय? प्रेमाचा त्रिकोण तर सगळीकडेच असतो.

एक दृश्य घेऊन सांगतो. पाहुणा आला आहे, सगळे एका खोलीत जमले आहेत. श्यू झिचेनला गाणं म्हणून दाखवते, 'त्या दूरच्या ठिकाणी' हे लोकगीताच्या चालीवरचं गाणं. ती उत्साहात आहे, नव्या पाहुण्यावर तिचं थोडं मनही गेलंय. त्याच वेळी युवेन नवऱ्याचं औषध-पाणी आणि अंथरूण पाहते आहे. कॅमेरा तुकडे न करता सावकाश एकाकडून दुसऱ्याकडे वळत राहतो. गाणाऱ्या मुलीकडून ऐकणाऱ्या झिचेनकडे, तिथून युवेनकडे, पुन्हा मागे. युवेन जाता जाता एक नजर टाकते. झिचेन पाहतो आणि नजर काढून घेतो. लियान पलंगावर समाधानाने ऐकतोय. एकही महत्त्वाचं वाक्य उच्चारलेलं नाही, आणि कोण कोणाकडे ओढलं जातंय, कोणाला काहीच ठाऊक नाही, हे सगळं आपल्याला कळलेलं असतं. हेच दृश्य तुकड्या-तुकड्यांत कापलं असतं तर प्रत्येक नजर अधोरेखित झाली असती आणि त्यातला चोरटेपणा गेला असता.

दुसरी गोष्ट दृश्यांच्या जोडणीची. एक दृश्य विरत दुसरं उमटतं, त्याला आपण डिझॉल्व्ह म्हणतो. काळ पुढे सरकला किंवा जागा बदलली हे सांगायला तो वापरायची रीत. फेई मू तो एकाच खोलीत, एकाच प्रसंगाच्या मध्येच वापरतात. माणूस तिथेच असतो, पण मधला एक क्षण निसटल्यासारखा वाटतो. दिवस एकमेकांत मिसळून गेलेल्या त्या घराला ही रीत नेमकी शोभते.

नायिकेचं काम करणाऱ्या वेई वेई तेव्हा सिनेमात नवख्या. भावना उसळू द्यायची पण मर्यादेपाशी थांबवायची, हे जुन्या काव्यशास्त्रातलं सूत्र दिग्दर्शकाने आपल्याला दिलं होतं, असं त्या पुढे सांगत. श्यूच्या वाढदिवसाच्या रात्री हे सूत्र ताणलं जातं. युवेन पिते, खेळात रमते, मोकळी होते, आणि लियान ते पाहून काय ते समजतो. तो काहीच बोलत नाही. नंतर ती झिचेनच्या खोलीत जाते. तो तिला उचलतो, खाली ठेवतो, बाहेर पडून दार लावून घेतो. ती हाताने काच फोडते. संयम हा त्या माणसांचा स्वभाव आहे आणि शिक्षाही, हे त्या एका फुटलेल्या काचेत येतं.

युवेनचं निवेदन गोंधळात टाकतं. तिने न पाहिलेल्या गोष्टी ती कशा सांगते?

गोंधळ तुमचा नाही, रचनाच तशी आहे. झिचेन स्टेशनवरून येतो, मागच्या पडक्या भिंतीतून वाड्यात शिरतो, त्या वेळी युवेन आपल्या खोलीत आहे. तरीही तिचा आवाज त्याचं येणं सांगत राहतो. कधी तो आवाज घडतंय तेच सांगतो, कधी सगळं होऊन गेल्यावर आठवल्यासारखं बोलतो. सिनेमाची सुरुवातही शेवटाच्या क्षणापासून होते. माझं वाचन असं : ती हे सगळं मनात पुन्हा पुन्हा जगली आहे, इतकं की पाहिलेलं आणि कल्पिलेलं यातली सीमा तिच्यासाठी उरलेली नाही.

फार संथ वाटतो. तसाच असायला हवा होता का?

हो. फेई मूंनी त्याच वर्षी लिहून ठेवलंय की जुन्या चीनचा उदास भाव पोचवण्यासाठी लांब शॉट आणि मंद हालचाल यांचा प्रयोग त्यांनी जाणूनबुजून केला. पहिली वीस मिनिटं धीर धरा. एकूण लांबी दीड तासाहून थोडीच जास्त आहे.

त्या वेळी या सिनेमावर टीका का झाली?

१९४८ म्हणजे कम्युनिस्ट आणि राष्ट्रवादी यांच्यातल्या यादवी युद्धाचा ऐन काळ. शांघायमध्ये महागाई गगनाला भिडलेली, रोज उलथापालथ. अशा वेळी पडक्या वाड्यातल्या बाईच्या मनाची घालमेल कशाला दाखवता, असा डाव्या समीक्षकांचा सवाल होता. फिकट, निराशावादी, काळाशी फटकून वागणारा असे शेरे बसले. १९६३ मध्ये चेंग जिहुआ आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या चिनी सिनेमाच्या अधिकृत थाटाच्या इतिहासानेही हाच निकाल कायम केला आणि सिनेमा विस्मरणात गेला.

मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, आणि तो का हेही सांगतो. युद्ध या सिनेमात नाही हे म्हणणंच चुकीचं. पडलेली भिंत, अर्धं जळालेलं घर, काही करण्याची उमेद गेलेला पुरुष, रात्री बारानंतर जाणारी वीज : युद्धाने मागे ठेवलेलं सगळं तिथे आहे. फक्त त्यावर कोणी भाषण करत नाही.

मग तो पुन्हा उजेडात कसा आला?

सांस्कृतिक क्रांती संपल्यावर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पेइचिंगच्या चित्रपट संग्रहालयातल्या जुन्या प्रती परदेशी महोत्सवांत जाऊ लागल्या. इटली आणि हाँगकाँगमधल्या प्रेक्षकांना धक्काच बसला. तोवर युरोपीय दिग्दर्शकांच्या नावावर जमा असलेली आधुनिकता इथे १९४८ मध्येच हजर होती. हाँगकाँगच्या समीक्षकांनी फेई मूंचे लेख आणि लोकांच्या आठवणी गोळा केल्या, त्यातूनच आज आपल्याला एवढं कळतंय.

२००२ चा नवा 'छोट्या गावातला वसंत' पाहावा का?

पाहावा, पण मूळ पाहिल्यानंतर. चिनी दिग्दर्शक तिएन झुआंगझुआंग यांनी तो रंगीत केला आणि युवेनचं निवेदन काढून टाकलं. देखणा आणि आदरपूर्वक केलेला सिनेमा आहे, व्हेनिसमध्ये त्याला पुरस्कारही मिळाला. मला मात्र तो आवाज नसल्याची उणीव शेवटपर्यंत जाणवते.

शेवटची वर्षं कशी गेली?

१९४९ च्या सुमारास ते हाँगकाँगला गेले. झू शिलिन आणि धाकटे भाऊ फेई लुयी यांच्यासह त्यांनी लोंगमा कंपनी सुरू केली. फिरत्या खेळवाल्यांवरचा 'ज्यांगहू अर्न्यु' हाती घेतला असतानाच ते गेले आणि सहकाऱ्यांनी तो पुरा केला. त्यांची कन्या फेई मिंगयी पुढे हाँगकाँगच्या नामवंत गायिका झाल्या. चिनी दिग्दर्शक ज्या झांगके ('ज्या' हे आडनाव) यांच्या २०१० च्या शांघायवरच्या माहितीपटात त्या वडिलांबद्दल बोलतात, आणि वेई वेईही त्यात आहेत. वेई वेई यांचं निधन २०२३ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर झालं.

आजच्या दिग्दर्शकांवर त्यांचा प्रभाव दिसतो का?

ज्या झांगके यांचं नाव आधी घ्यावं लागेल. त्यांच्या २०१८ च्या सिनेमाचं चिनी शीर्षक 'ज्यांगहू अर्न्यु'च आहे, फेई मूंच्या अपुऱ्या राहिलेल्या सिनेमावरून घेतलेलं. २०१७ मध्ये ज्या झांगके यांनी सुरू केलेल्या पिंग्याओ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात नव्या चिनी दिग्दर्शकांना फेई मूंच्या नावाने पुरस्कार देतात.

सुरुवात कुठून करावी?

थेट 'छोट्या गावातला वसंत'. इंग्रजी सबटायटल्ससह तो इंटरनेटवर मोफत आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले ख्रिस्तोफर री यांच्या 'चायनीज फिल्म क्लासिक्स' प्रकल्पातला अनुवाद चांगला आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची डीव्हीडीही निघाली होती. त्यानंतर 'लांडग्यांचा डोंगर', मग 'कन्फ्यूशियस'. 'तिएनलुन' शेवटी. शक्य असेल तर मोबाइलवर पाहू नका, खोलीच्या कोपऱ्यातली माणसं छोट्या पडद्यावर दिसतच नाहीत.